डाव्या बाजूचा गंज

अकोट्याचा पूल उतरल्यावर जो स्पीडब्रेकर लागतो, तिथे सोमवारी आमची फियाट बसली. म्हणजे अशी बसली की मागून ‘धाड्’ असा आवाज झाला, माझ्या मांडीवरची पापडीची पिशवी थेट पायाशी गेली, आणि शेजारून जाणारा रिक्षावाला मोठ्या आनंदाने ओरडला, "काका, गाडी बेसी गई!"

"दिसतंय मला," असं म्हणून वसंतराव खाली उतरले.

वसंतराव म्हणजे माझे यजमान. वय एकाहत्तर. रिफायनरीत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, गंज शोधायचं. पाइप ठोकून बघायचे, टाक्यांच्या पत्र्याची जाडी मोजायची, कुठे काय खाल्लं गेलंय ते हुडकायचं आणि कारणासकट रिपोर्ट लिहायचा. आणि आता ह्याच माणसाने भर रस्त्यात डिकी उघडली, तर आत एक लोखंडी टोक डिकीचा तळ फाडून वर आलेलं. बिळातून उंदीर डोकावतो ना, तसं. मला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं.

गाड्यांतलं मला पूर्वी काही कळत नव्हतं, त्या आठवड्यात मात्र बरंच कळलं, म्हणून सांगते. फियाटला मागे दोन्ही बाजूंना लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेले. मागचं सगळं वजन त्यांच्यावर. ह्या पाट्याचं मागचं टोक डिकीच्या बरोबर खाली एका पत्र्याच्या पेटीला अडकवलेलं असतं. मेकॅनिक लोक त्याला माउंटिंग म्हणतात. आमची डावीकडची ती पेटी गंजून पार भुगा झाली होती. उजवीकडची मात्र धडधाकट.

"मानसिंग," वसंतराव डिकीत बघत दात खाऊन म्हणाले. "मानसिंगने खाल्ली माझी गाडी."

बारा वर्षं मी हे वाक्य ऐकत होते.

मानसिंगराव मोहिते म्हणजे ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. रावपुऱ्यात घर, आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, आणि स्वतः नंदेसरीच्या एका कारखान्यात केमिस्ट. अंगाने भरभक्कम, मनाने त्याहून. बारा वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला वसंतरावांना तीन महिने परगावच्या प्लँटवर पाठवलं होतं. गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून त्यांनी ती मानसिंगरावांकडे दिली. ते रोज नंदेसरीला घेऊन जायचे. वसंतराव परत आले, गाडीखाली वाकून बघितलं, तर डावीकडची पेटी गंजलेली. झालं! ह्यांनी एका मिनिटात रिपोर्ट लिहून टाकला. कारण, नंदेसरीची ॲसिडची हवा. जबाबदार, मानसिंग.

आणि सांगितलं कुठे, तर आमच्या सोसायटीच्या गणपतीत, आरतीनंतर, चारचौघांसमोर. "मित्र म्हणून गाडी दिली, तू भंगार करून परत केलीस!" मी आरतीचं ताट घेऊन शेजारीच उभी होते. मानसिंगरावांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "असेल बाबा, माझीच चूक असेल," एवढं म्हणून चपला घालून ते निघून गेले. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकाच गावात राहून बारा वर्षं! खंडेराव मार्केटात समोर आले तर एक कोबी बघायचा आणि दुसरा कांदे.

त्या वेळी कुठल्याशा गॅरेजवाल्याने पेटीवर लांबी, म्हणजे पुट्टी, थापून वरून डांबर फासलं, आणि गाडी उभी राहिली. पण तेव्हापासून वसंतरावांचं गाडीवरचं मन उडालं. दसऱ्याला झेंडू वाहायचे, आठवड्यातून एकदा भाजी आणायची, आणि मे महिन्यात बिलिमोऱ्याला माझ्या भावाकडे जाऊन यायचं, बस्स.

मी शैला रणदिवे. एकतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. रागीट म्हणून माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमान आहे. माझं चुकत नाही, असं मी वर्गात सांगायचे आणि घरीही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे.

गाडी ओढून नेली बाजव्याच्या रस्त्यावर कोमल परमारच्या गॅरेजमध्ये. कोमल पस्तिशीची. वडिलांच्या मागे गॅरेज तीच चालवते आणि वेल्डिंगमध्ये तिचा हात धरणारं कोणी नाही, असं वसंतरावांना त्यांच्या जुन्या फिटर लोकांनी सांगितलं होतं. तिने गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर चढवली, चाक काढलं, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवली, आणि पेचकस घेऊन खाली शिरली. पेचकस पेटीत लोण्यासारखा आत गेला.

"काका, इथे पत्रा नाहीच," ती खालून म्हणाली. "लांबी आहे, डांबर आहे, आणि भगवान आहे."

"होईल ना पण?"

"थशे, थशे. होईल. कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊ, मग नवी पेटी बनवू. शनिवारी घेऊन जा."

शनिवार ऐकून मी मनात दिवस मोजायला लागले. कारण सोमवारी सकाळीच मोहनाचा फोन येऊन गेला होता. मोहना म्हणजे मानसिंगरावांची बायको. पुरुष बोलत नसले तरी आमचं दोघींचं चालू होतं. दरवर्षी जूनमध्ये माझ्या लोणच्याची एक बरणी ह्यांच्या नकळत रावपुऱ्याला जायची. मोहना म्हणाली, "शैला, घर भाड्याने दिलं गं. येत्या रविवारी दुपारच्या गाडीने आम्ही मुलाकडे बंगळुरूला. कायमचे." आणि मग थोडं थांबून, "हे बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी अकोट्याच्या पुलापर्यंत चालत येतात आणि परत जातात."

पुलापर्यंत! म्हणजे आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. मी हे वसंतरावांना सांगितलं, तर ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे की. तिकडे हवा चांगली आहे." पण त्यानंतर तासभर त्यांनी पेपरचं पान उलटलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी माणूस बंगळुरूला कायमचा गेला की झालं, मग उरते ती फोनवरून कळणारी बातमी. रविवारच्या आत ह्या दोघांना बोलतं करायचं, असं मी ठरवलं. कसं, ते काही सुचत नव्हतं.

बुधवारी मी डबा घेऊन गॅरेजवर गेले. वसंतराव तिथेच ठाण मांडून होते. स्टूल, टोपी, हातात नोकरीतली ती छोटी हातोडी. कोमल जिथे कापेल तिथे हे ठोकून आवाज ऐकायचे. "अजून पुढे काप. अजून. हां, इथे पत्रा बोलतो." कोमल वैतागायची, पण कापायची. दोघांनी मिळून माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन त्याची पेटी करून बघितली होती. डिसेंबर संपायच्या आत माझं कॅलेंडर गेलं, कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी आले तशी ह्यांना सेव-उसळ आठवली. "तू डबा ठेव, मी कोमलसाठी सेव-उसळ घेऊन येतो," म्हणून गेले. नाव कोमलचं, जीभ ह्यांची.

ते गेले आणि कोमलने पेटीचा शेवटचा तुकडा कापून खाली पाडला. त्यातून मूठभर गाळ पडला. गंजाचा चुरा, माती, आणि त्यात काहीतरी पिवळट. कोमलने ते उचललं, नाकाशी नेलं, आणि मोठ्याने हसायला लागली.

"मासी! आ तो अथाणुं छे!"

लोणचं. मी चष्मा लावून बघितलं. हळद. मिठाचे खडे. आणि कैरीच्या कोयीचा एक अर्धा तुकडा, मधोमध सरळ कापलेला. तो कसा कापलाय ते मी झोपेतही ओळखेन. माझ्या भावाच्या अडकित्त्याने.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

आता हे नीट सांगायला हवं. माझ्या आईचे लोणच्याचे दोन नियम होते. एक, कैरी झाडावरून उतरवल्यापासून तासाच्या आत मिठात पडली पाहिजे, तरच फोड करकरीत राहते. दोन, मिठातली कैरी तीन दिवस अंधारात आणि उबेत ठेवायची, आणि तोंडाला झाकण नाही, फडकं. म्हणून मी दरवर्षी बिलिमोऱ्याला भावाच्या वाडीतच कैऱ्या कापून, हळद-मीठ लावून पिंपात भरायचे आणि ते पिंप डिकीत डाव्या कोपऱ्यात घालून आणायचे. आणि आमच्या अकोट्याच्या फ्लॅटला सगळीकडून उजेड. तीन दिवसांचा अंधार आणायचा कुठून? डिकीतून! पिंप तिथेच राहायचं. दोनशे किलोमीटर हिंदकळून खार सांडायचा, तो मी गुपचूप एक बादली पाणी ओतून धुऊन टाकायचे आणि वर गोणपाट अंथरायचे, वास येऊ नये म्हणून. गाडी घेतली त्र्याण्णव साली. एकतीस-बत्तीस वर्षं मी त्या पेटीला मीठ आणि पाणी पाजत होते.

मी गणिताची. मिठाने लोखंड खाल्लं जातं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते लोखंड माझ्या कैरीखाली आहे, हे डोक्यात आलंच नाही. आणि गंज शोधणाऱ्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही, कारण त्याचा रिपोर्ट लिहून झाला होता.

"कोमल," मी म्हणाले, "काकांना सांगू नकोस."

"मी नाही बोलणार मासी. पण तो गाळ काका स्वतः गोळा करायला सांगून गेलेत. डबीत भरून ठेवायचाय."

मी कोय उचलली, रुमालात बांधली आणि पर्समध्ये टाकली. गाळावर पाय फिरवला. सत्तरीला टेकलेली बाई, निवृत्त शिक्षिका, आणि पुरावा लपवते आहे! वसंतराव सेव-उसळ घेऊन आले आणि म्हणाले, "बघितलंस शैला? नंदेसरीचं ॲसिड काय करतं ते?" सेव-उसळ तिखट नव्हती, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बुधवार गेला. गुरुवार गेला. मी ताट वाढायचे, आणि वसंतराव मानसिंगरावांचं नाव काढायचे. इतकी वर्षं मी त्यावर म्हणायचे, "जाऊ द्या हो." म्हणजे मी मोठ्या मनाने माफ करणारी! आठवलं की स्वतःचाच राग यायचा. शुक्रवारी कोमलने नवी पेटी बसवली. थोडं-थोडं वेल्डिंग, मध्ये थांबून गार करायचं, पुन्हा थोडं. वसंतरावांनी हातोडीने ठोकून बघितली. टण्ण असा आवाज आला. ते इतके खूश झाले की त्यांनी मला पण ठोकायला लावलं. "ऐक! नवा पत्रा!" मग हातोडी खिशात घातली. घरी येताना रिक्षात म्हणाले, "हा आवाज मानसिंगला कळला असता. बाकी कोणाला काय कळतंय."

मला कळलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पण मला त्या वेळी सगळं कळलं.

घरी आल्यावर मी चहा केला आणि बशीत बिस्किटांऐवजी ती कोय ठेवली.

"हे काय?"

"तुमचं ॲसिड."

त्यांनी कोय उचलली. खिशातून भिंग काढलं. अजूनही खिशात भिंग असतं त्यांच्या. उलटीपालटी करून बघितली, वास घेतला. मी सगळं सांगून टाकलं, पिंप, फडकं, बादली, गोणपाट. सांगताना आवाज चढला, कारण मला हळू आवाजात चूक कबूल करायची सवय नाही. "आणि आता ओरडा काय ते! चारचौघांत ओरडायचं असेल तर खाली चला, मी सगळ्यांना बोलावते!"

ते ओरडले नाहीत.

"किती मीठ?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दर वर्षी. किती किलो?"

"दहा किलो कैरीला दोन किलो."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "अगं, समुद्रात उभी केली असती तर ह्याहून कमी गंजली असती!" आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हसता हसता रडायला कधी लागले ते त्यांना कळलं नाही, पण मला कळलं. "बारा वर्षं," ते म्हणाले. "शैला, बारा वर्षं मी त्याला..."

"हो. आणि रविवारी तो चाललाय."

शनिवारी सकाळी गाडी मिळाली. खालून तांबड्या रंगावर काळं डांबर, नवा बोल्ट, सगळं ठाकठीक. कोमलने ताकीद दिली, "काका, रिकामी फिरवू नका. मागे डाव्या बाजूला कोणी जाड माणूस बसवा आणि स्पीडब्रेकरवरून न्या. आवाज आला तर परत आणा."

वसंतराव माझ्याकडे बघून म्हणाले, "जाड माणूस कुठून आणायचा?"

"एक आहे," मी म्हणाले. "रावपुऱ्यात."

रस्ताभर ते काय बोलायचं ते जुळवत होते. घसा खाकरत होते. मानसिंगरावांच्या दारात सगळीकडे खोकी, आणि ते स्वतः बनियनवर, हातात दोरी. आम्हाला बघून दोरी हातातच राहिली. वसंतराव जुळवलेलं सगळं विसरले बहुतेक, कारण ते एवढंच म्हणाले, "मानसिंग, वजन किती आहे तुझं?"

"पंच्याण्णव. का?"

"गाडीत बस."

आणि तो मोठा माणूस, खरंच सांगते, बनियनवर शर्ट अडकवून, बटणं खालीवर लावून, मागच्या सीटवर डावीकडे जाऊन बसला. काही विचारलं नाही. गाडी सुरू झाली आणि मी आता कोण बोलतंय म्हणून वाट बघत होते, पण दोघंही ढिम्म. शेवटी मलाच राहवलं नाही. मी पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, "मानसिंगराव, गाडी तुम्ही नाही गंजवलीत. माझ्या कैऱ्यांच्या खाराने गंजली. मला बुधवारी कळलं. माझं चुकलं."

मानसिंगराव पुढे वाकले. "बुधवारी? वहिनी, तुम्हाला बुधवारी कळलं?"

"म्हणजे?"

"अहो, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं! पिशवी ठेवायला डिकी उघडली, तर गोणपाट ओलं आणि हळदीचा वास. मी केमिस्ट माणूस. खाली वाकून बघितलं, तर पेटी तेव्हाच अर्धी गेलेली."

वसंतरावांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "मग गधड्या, बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो. पण तू गणपतीसमोर ओरडायला लागलास, आणि वहिनी शेजारी आरतीचं ताट घेऊन उभ्या. म्हटलं, आता कारण सांगितलं तर हा ह्याच आवाजात वहिनींवर ओरडणार, सगळ्या सोसायटीसमोर. माझं काय, मी चपला घालून घरी जाऊ शकत होतो. त्या कुठे जाणार?" मग ते थोडं ओशाळून हसले. "आणि नंतर दरवर्षी बरणी यायला लागली. मला वाटलं, वहिनींना माहीत आहे, त्या न बोलता मान्य करतायत. मग आपण कशाला उकरून काढायचं? लोणचं तर चांगलं होतं."

मी एकतीस वर्षं मुलींना सांगितलं, पायऱ्या दाखवा, नुसतं उत्तर लिहू नका. आणि ह्या माणसाने बारा वर्षं माझ्या वाट्याचं उत्तर स्वतःच्या नावावर घेतलं होतं, आणि मी ताट वाढताना म्हणत होते, जाऊ द्या हो. मला रडू आवरेना.  वसंतरावांनी आरशातून मागे बघितलं.

"मानसिंग, माझं चुकलं रे."

"बरं. आता गाडी चालव, मागे उकडतंय."

अकोट्याचा पूल आला. स्पीडब्रेकर आला. वसंतरावांनी मुद्दाम वेग कमी केला नाही. मी डोळे मिटले, दांडी घट्ट धरली. गाडी चढली, उतरली. मागून ‘हुप्प’ असा एकच आवाज आला, तो मानसिंगरावांचा. खालून काही नाही.

"परत एकदा," मानसिंगराव म्हणाले.

आम्ही पाच वेळा गेलो. पुढून वळून, परत येऊन, पुन्हा पुलावरून. पाचव्या वेळी सोमवारचा तोच रिक्षावाला बाजूने गेला आणि ह्या दोन म्हाताऱ्यांचं हसणं बघून त्याने रिक्षाच थांबवली.

रविवारी दुपारी आम्ही त्यांना स्टेशनवर सोडलं. सामान आधीच टेम्पोने गेलं होतं, त्यामुळे डिकी रिकामीच होती. मी यंदाच्या लोणच्याची मोठी बरणी आणली होती, ती मानसिंगराव सवयीने डिकीत ठेवायला निघाले.

"ए!" वसंतराव ओरडले, अगदी गणपतीत ओरडले होते तसे. "डिकीत नाही! मांडीवर घे! आणि मे महिन्यात दोघं इकडे या, बिलिमोऱ्याला जायचंय कैऱ्यांना. पिंप धरायला मला मागे जाड माणूस लागेल."

मानसिंगराव डाव्या बाजूला बसले, बरणी मांडीवर घेतली आणि स्टेशन येईपर्यंत तिच्यावरचे दोन्ही हात काढले नाहीत.